घुमारा

बार्देयोवच्या संस्कृतिगृहात तीनशे बारा खुर्च्या.
दुशान हलचाक पहिल्यांदा इथे गायला तेव्हा
लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले होते.
आज खुर्च्या भरल्या, एवढंच.
पण मी मिक्सरमागून सांगतो,
आज लोक जास्त ऐकत होते.

पहिली तीन गाणी ठीक झाली.
गळा बसलाय त्याचा, वरच्या पट्टीत चिरकतो,
तिथे मी कोरस जरा वर ओढतो.
कुणाला कळत नाही. तीस वर्षांत कळलेलं नाही.
माझा धंदाच तो:
त्याचा आवाज त्याच्यापेक्षा बरा ठेवायचा.

चौथ्या गाण्याआधी तो स्टुलावर टेकला,
पाण्याची बाटली उजेडात धरून म्हणाला,
"यात काय मिसळतात, माहितेय?"
लोक हसले. मीही हसलो.
तो हसला नाही.

मग टेकडीवरचा टॉवर निघाला. मग लशी.
मग कुठल्याशा सरोवराकाठी जमणारी ती बारा माणसं,
आपल्याला मुलं किती व्हावीत ते ठरवणारी.
नावं नाही घेतली.
नाव घेतलं की कुणीतरी पत्ता विचारतं.
"मी काही सांगत नाही बाबांनो, तुम्हीच विचार करा,"
आणि विचाराला श्वासाइतकीही जागा न देता
गिटारवर ते सूर,
ज्यांच्यावर या सभागृहातली निम्मी लग्नं जुळलेली.

सहाव्या रांगेतली बाई रडू लागली.
रडताना माणूस दाराला कडी लावत नाही.
गाण्याच्या मागोमाग काय काय आत गेलं,
तिनं पाहिलं नसणार.

माझी बहीण झेल्मीरा इथल्याच दवाखान्यात नर्स.
मार्चमध्ये तिच्या दारावर कुणीतरी
डांबरानं लिहून गेलं:
*रात्र कितीही मोठी असो, मी तुझं घर शोधीन.*
दुशानची ओळ.
लिहिली तेव्हा मी समोर होतो, कोशित्सेच्या स्टेशनात,
बोरोविच्काच्या दुसऱ्या पेल्यानंतर,
रोझालिया नावाच्या एका तिकीट तपासणाऱ्या मुलीसाठी.
ओळीतलं एक अक्षर बदललं नव्हतं.
झेल्मीरानं ते दार रॉकेलनं घासलं, दोन रविवार.
'शोधीन' अजून दिसतं, ऊन तिरपं आलं की.

मी त्याला सांगितलं हे.
वायरी गुंडाळता गुंडाळता, पाठमोराच.
"वाईट झालं," म्हणाला, खरंच वाईट वाटल्यासारखं.
"पण इम्रिख, लोक चिडलेत, त्याला कारण असणारच ना?"
मग मेकअपच्या खोलीतल्या बेसिनवर वाकून
नळाला ओंजळ लावली आणि
घटाघटा प्याला.
मी बघतोय हे त्याला दिसलं.
"तहान लागलीय रे," एवढंच.

त्याचा विश्वास आहे की नाही, मला सांगता येत नाही.
लग्नात दोनदा त्याच्या शेजारी उभा राहिलोय, तरी नाही.

माझं मात्र सांगता येतं.
तो बोलत होता तेव्हा माझं बोट फेडरवर होतं.
खाली ओढायला दोन इंच.
माइक बिघडला म्हणालो असतो,
जुन्या सभागृहांत बिघडतात माइक.

आणि मी काय केलं?
तो आवाज खाली आणून बोलू लागला की
मी थोडा घुमारा देतो, सवयीनं,
हात आपोआप जातो उजवीकडच्या बटणाकडे.
आजही गेला.
त्या बारा माणसांची गोष्ट
लोकांनी ऐकली ती दगडी चर्चमध्ये ऐकावी तशी,
प्रत्येक शब्दाला मागून आणखी एक शब्द,
जणू भिंतींनाही आधीपासून ठाऊक होतं.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.
पाकिटात तीनशे वीस युरो होते.
मोजले. दोनदा.

उद्या स्निना, परवा हुमेन्ने.
व्हॅनमध्ये स्पीकर चढवताना झेल्मीराचा फोन.
पूर्वी ती पहिल्या रांगेत असायची,
आता कार्यक्रम संपला की फोन करते,
आणि दुशानचं नाव न घेता विचारते,
"आवाज कसा लागला?"

"स्वच्छ," मी म्हणालो.
"अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत."